दिंडीचा कर्णा : कोणी घडवला, कधीचा?



आपल्या दिंडीत पहाटे तीनला कर्णा होतो. तो ऐकला नाही असा माळकरी आपल्या गावात शोधून सापडायचा नाही. गाढ झोपलेला म्हातारा माणूससुद्धा त्या आवाजानं उठून अंथरूण गुंडाळायला लागतो. माउलींच्या सोहळ्यात पालखी हलण्याआधी तीन कर्णे होतात, तो मान सोहळ्याचा. आपला हा कर्णा घरचा, दिंडीपुरता. राहुट्या मोडायच्या झाल्या, पंगत बसली, गर्दीत कुणी आयाबाया चुकल्यामाकल्या, की हा वाजतो आणि आपली माणसं आवाजाच्या रोखानं बरोबर येतात. वीणा आणि पताका यांच्या खालोखाल आपण त्याला मानतो. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं.

शताब्दीच्या बैठकीत ठरलं की कर्ण्यासाठी विठ्ठल मंदिरात काचेची पेटी करायची आणि खाली संगमरवरी पाटी लावायची. पाटीवर काय लिहायचं यावर मात्र एकमत होईना. एक म्हणाले, "शिवकालीन कर्णा लिहा." दुसरे म्हणाले, "हैबतबाबांच्या वेळचा आहे, शिंदे सरकारच्या फौजेतला. आमचे आजोबा सांगायचे." हैबतबाबांनी माउलींच्या पालखीला आजचं रूप दिलं ते १८३२ च्या सुमारास आणि ते शिंद्यांकडे सरदार होते, तेव्हा ही गोष्ट ऐकायला गोड वाटते. तिसऱ्या बाजूनं हळू आवाजात आणखी एक वाक्य आलं. ते आपल्या गावात पन्नास-साठ वर्षं हळूच बोललं जातंय, म्हणून इथं उघड लिहितो. "तो पलटणीतनं चोरून आणलेला हाय."

हे वाक्य ज्या घराबद्दल आहे ते घर सगळ्यांना ठाऊक आहे. त्या घरातले पणजोबा जर्मनच्या पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी माळ घातली आणि आपल्या मूळ महाराजांबरोबर पहिल्या वारीला ते होते. कर्णा तेच वाजवायचे, पुढे त्यांचा मुलगा वाजवायचा. मग कर्णा कुणी वाजवायचा यावरून एका वारीत वाखरीच्या तळावर भांडण झालं, भांडणात कुणीतरी "चोरीचा कर्णा" असं बोललं, आणि त्या घरानं कर्णा विणेकरीबुवांच्या पायाशी ठेवला तो ठेवलाच. त्यानंतर ते घर वारी करतं, पण आपल्या दिंडीत नाही, मोकळं चालतं. पाटीवर काहीतरी कोरून टाकण्याआधी मी एक महिना मागून घेतला, तो या घरासाठी.

मी शाळामास्तर, वाद्यातलं मला काही कळत नाही. पण आमच्या पाहुण्यांत बेळगावच्या मराठा पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत. कर्णा धोतराच्या फडक्यात गुंडाळून त्यांच्याकडे नेला. त्यांनी फडकं सोडलं, एक नजर टाकली आणि हसून म्हणाले, "गुरुजी, हा कर्णा न्हवं, बिगुल हाय."

आता हे आपल्या सगळ्यांना कळायला हरकत नव्हती, पण रोजच्या वस्तूकडे आपण बघत नाही. कर्णा सरळ आणि लांब असतो, तोंडाशी फुललेला. तुतारी चंद्रकोरीसारखी वळलेली, नाहीतर नागमोडी. आपल्या वाद्याची नळी दोन वेढे घेऊन गुंडाळलेली आहे. सोडवून सरळ केली तर साधारण साडेचार फूट भरेल. म्हणजे लांब नळीचा आवाज काखेत मावेल एवढ्या जागेत बसवलेला, शिपायाला धावताना सोयीचा. त्याला दट्ट्या नाही, भोक नाही. फुंकणाऱ्यानं ओठ आवळून-सैल करून चार-पाच सूर काढायचे, एवढाच खेळ. पलटणीतले सगळे हुकूम त्या चार-पाच सुरांत बसवलेले असतात.

दुसरी गोष्ट धातूची. आपण सगळे "पितळी कर्णा" म्हणतो. सुभेदारांनी नखानं खरवडून दाखवलं, अंग तांब्याचं आहे. पितळेची आहे ती फक्त तोंडावरची रुंद कड आणि फुंकायची वाटी. तांब्याचं अंग आणि पितळेची कड हा ब्रिटिश फौजेच्या बिगुलाचा ठराविक घाट. एवढ्यावरच शिवकाळ गेला आणि शिंदे सरकारही बहुधा गेलं. पण "बहुधा" पाटीवर कोरता येत नाही.

मग अक्षरं. कर्ण्याच्या तोंडाजवळ काहीतरी कोरलेलं आहे हे आपल्याला पूर्वीपासून माहीत होतं. दिंडीच्या एका जुन्या हिशेबवहीत "कर्ण्यावर सन कोरला आहे" अशी नोंद आहे, आणि शिवकालाची गोष्ट बहुतेक तिथूनच सुटली. सन आहे म्हटल्यावर कुणी सोळाशे म्हणालं, कुणी सतराशे. अडचण अशी की चार पिढ्यांनी दर आषाढीच्या आधी तो चिंच, राख आणि अलीकडे पितांबरी लावून असा घासलाय की अक्षरं हाताला लागतात पण डोळ्याला दिसत नाहीत. भक्तीनंच ती पुसली, दुसरं काय म्हणायचं. शताब्दीसाठी तो शहरात नेऊन मशीनवर पॉलिश करून आणायचं ठरत होतं. तसं झालं असतं तर उरलंसुरलंही गेलं असतं आणि हा लेख लिहायची वेळच आली नसती.

अक्षरं वाचायची युक्ती सुभेदारांनी सांगितली, ती इतर दिंडीकऱ्यांनाही उपयोगी पडेल. घासायचं अजिबात नाही. पातळ कागद अक्षरांवर ताणून धरायचा आणि पेन्सिलचं शिसं आडवं फिरवायचं, पोरं नाण्याचं चित्र उठवतात तसं. मग अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा उजेड अगदी तिरपा, जवळजवळ धातूला लागून पाडायचा. खड्ड्यात सावली बसते आणि अक्षर उभं राहतं. मी तीन रात्री हे केलं. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री खालची ओळ आली, "लंडन". तिसऱ्या रात्री वरची. इंग्रजी अक्षरं होती, सुरुवात घासून गेलेली, पुढं "...क्स अँड सन".

मला हसू आवरेना. आपल्या वहीतला "सन" तो हाच! इंग्रजीत सन म्हणजे मुलगा. बाप आणि मुलगा अशी पेढी, जसं आपल्याकडे "आणि मंडळी" लिहितात. कुण्या दोन बुकं शिकलेल्या माणसानं अक्षरं लावून "सन" वाचला आणि आपण त्याच्यापुढचा आकडा मनानं भरला.

मधल्या ओळीत "डेन्म..." आणि "स्ट्रीट" एवढं लागलं. सुभेदारांना तेवढं पुरे होतं. हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस, लंडन. बँडची वाद्यं करणारी ही नावाजलेली विलायती पेढी. फौजेला बिगुल, कॉर्नेट, मोठे भोंगे पुरवणाऱ्या पेढ्यांत हिचं नाव पुढं. जुन्या वाद्याचं वय काढताना कारागिराचं नाव तर बघायचंच, पण नाव नेमकं कसं लिहिलंय तेही बघायचं, कारण पेढ्या जागा बदलतात, भागीदार बदलतात आणि ठसा त्याप्रमाणे बदलतो. लंडनमध्ये बूझी नावाची दुसरी मोठी पेढी होती. १९३० साली या दोन्ही एक झाल्या आणि "बूझी अँड हॉक्स" हे नाव पडलं. बँडवाल्यांच्या जुन्या वाद्यांवर हे जोडनाव पुष्कळदा दिसतं. ते दिसलं की वाद्य १९३० नंतरचं. आपल्यावर एकट्या हॉक्सचं आहे, म्हणजे त्याच्या आधीचं. समजा जोडनाव निघालं असतं, तर पहिल्या वारीला हा कर्णा होता ही आपली आठवणच खोटी ठरली असती. ती धाकधूक मला तिसऱ्या रात्रीपर्यंत होती, हे कबूल करतो.

एक शंका मात्र मनात ठेवावी लागते. जुन्या लंडनच्या नावाचे ठसे मारलेले नवे बिगुल बाजारात मिळतात, शोभेसाठी. बँडची वाद्यं मेरठला जली कोठीत पिढ्यान् पिढ्या होतात आणि चांगली होतात, त्यांचा या नकलांशी संबंध जोडू नये. पण ठसा आहे म्हणून वस्तू जुनी, असं मात्र धरायचं नाही. झीज कुठं आहे ते बघायचं. नकली जुनेपणा सगळीकडे सारखा काळा फासलेला असतो. खरी झीज हात जिथं पडतो तिथं असते. आपल्या कर्ण्याचं अंग मुठीच्या जागी इतकं पातळ झालंय की अंगठ्यानं दाबलं तर दबेल, आणि तीच झीज ठशाच्या अक्षरांवरूनही गेलेली आहे. म्हणजे ठसा आधी, झीज नंतर.

आपल्याकडच्या तांबट काकांनाही दाखवला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या ज्या सुभेदारांच्याही नजरेतून सुटल्या होत्या. नळीच्या आतल्या वळणावर एक डाग दिलेला आहे, तो देशी हातचा, ठोकेसुद्धा वेगळे. म्हणजे एकदा फुटला होता आणि इकडंच कुठंतरी सांधला. आणि फुंकायची वाटी मूळची नव्हेच. ती सुताचा पीळ देऊन घट्ट बसवलेली आहे, पितळेचा रंगही कडेच्या पितळेहून पिवळाजर्द. नळीवर एक बारीक कडी उरली आहे. फौजेच्या बिगुलाला वाटी हरवू नये म्हणून साखळीनं बांधलेली असते, त्या साखळीची ती कडी. साखळी गेली आणि वाटीही गेली. कुठल्या वारीत गेली कुणास ठाऊक, पण इतकी वर्षं गर्दीतून नेताना वाटी एकदाच हरवली असेल तर आपण नशीबवान.

आता सालाकडे येतो. ठशाखाली आकडे होते, पैकी "१९१" एवढे लागले, चौथा आकडा पार गेलेला. फौजेच्या वाद्यावर घडवल्याचं साल टाकायची चाल होती, तेव्हा कर्णा १९१० ते १९१९ मधला ठरतो. लढाई १९१४ ते १९१८ ची. त्या चार वर्षांत फौज वाढली तशी बिगुलांची मागणीही वाढली, हे सुभेदारांचं म्हणणं.

दुसऱ्या बाजूला हातानं कोरलेलं वेगळं काहीतरी होतं. आधी "११", मग एक घासलेला आकडा, मग इंग्रजी "एम". इथं सुभेदार सावरून बसले. १९०३ साली हिंदी फौजेच्या सगळ्या पलटणींना नवे क्रमांक दिले गेले. मराठ्यांच्या पलटणींचे क्रमांक होते १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ साली हे क्रमांक मोडले आणि सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. ती आजची आपली बेळगावची रेजिमेंट, तिच्या बिल्ल्यावर आजही बिगुल आहे. तेव्हा अकरानं सुरू होणारा तीन आकडी मराठा क्रमांक १९०३ च्या आधी कोरला जाणं शक्य नाही आणि १९२२ नंतर कोरण्याचं कारण नाही. पलटण ११०, ११४, ११६ किंवा ११७. यातल्या ११० आणि ११७ कूटच्या वेढ्यात सापडल्या होत्या. अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेनं तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. ११४ ही १९१८ च्या ऑक्टोबरात शरकतच्या लढाईत होती. आपले म्हातारे "बसऱ्याची लढाई" म्हणतात ती ही सगळी, आजच्या इराकातली.

इथवर पणजोबांची गोष्ट जुळत आली, पण त्याबरोबर ते हळू आवाजातलं वाक्यही जुळत आलं. सरकारी पलटणीचा बिगुल एका शिपायाच्या घरी आला कसा?

कर्ण्याच्या कडेजवळ तीन रेघांची एक खूण आहे. ती मात्र घासूनही गेली नाही, खोल आहे. वर टोक आणि तिथून खाली पसरलेल्या तीन रेघा. कर्णा तोंड खाली करून धरला की ती उलटी होते आणि कपाळावरच्या गंधासारखी दिसते. त्यामुळे मूळ महाराजांनी स्वतः ते नाम कोरून घेतलं अशी आपली समजूत. दसऱ्याला आपण बुक्का लावतो तो नेमका त्याच्यावर. खरं म्हणजे तो ब्रिटिश सरकारचा बाण आहे. सरकारी मालावर तो ठोकत. बंदूक, तंबू, दुर्बीण, पाण्याची बाटली, काहीही असो. हिंदुस्थान सरकारच्या मालावर बाणाखाली इंग्रजी "आय" असे, म्हणजे नुसती उभी रेघ. आपल्या खुणेखाली ती आहे. असा माल खासगी माणसाकडे सापडणं विलायतेत गुन्हा होता, १८७५ च्या कायद्यानं. मी हे ऐकलं आणि गप्पच झालो. महिना मागून घेतला तो त्या घराची अब्रू शोधायला, आणि हातात आलं ते चोरीचं कलम.

सुभेदार मात्र बॅटरी फिरवतच होते. "गुरुजी, ही चांदणी कशाची?"

बाणाच्या वरच्या अंगाला, टोकाला टोक लावून, दुसरा बाण होता. उलटा. पहिल्याइतका खोल नाही, थोडा तिरका, कुणीतरी घाईत ठोकलेला. दोन्ही मिळून चांदणी दिसते म्हणून आजवर कुणी वेगळं पाहिलं नाही. सरकारी माल कोठारातून रीतसर काढून विकला की मूळ बाणाच्या टोकाला उलटा बाण ठोकत. दोन बाण समोरासमोर म्हणजे सरकारचा हक्क संपला, माल विकला. लढाईनंतर फाजील सामान असं पुष्कळ निघालं.

यावरून काय ठरतं आणि काय नाही, ते नीट सांगतो, कारण पुन्हा नवी दंतकथा व्हायला नको. कर्णा चोरीचा नाही, एवढं ठरतं. तो सरकारी कोठारातून विकला गेला. कुणी विकत घेतला ते धातूवर लिहिलेलं नाही. पणजोबांनी स्वतः घेतला असेल, किंवा एखाद्या व्यापाऱ्यानं घेऊन त्यांना विकला असेल. माझं मत पहिल्या बाजूला आहे, पण ते मत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी गेलो. आजी अंगणात ज्वारी पाखडत होत्या, वय नव्वदीच्या पुढं. पणजोबांची ती नातसून. कागदावर उठवलेली चांदणी दाखवली, अर्थ सांगितला. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मास्तर, आमच्या सासूबाई सांगायच्या, मामंजींनी पगारातनं पैसं कापून दिलं त्याचं. शिपायाला अकरा रुपये पगार व्हता तवा. आम्ही कुणाला सांगणार? कागुद न्हाई, पत्तुर न्हाई."

मी विचारलं, पणजोबांचं पदक आहे का? त्या लढाईचं चांदीचं पदक असायचं आणि त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असायची. ते मिळालं असतं तर घासलेला आकडा भरून निघाला असता. आजी म्हणाल्या, होतं. देव्हाऱ्यात असायचं. १९७२ च्या दुष्काळात सोनाराला दिलं, दोन पोती मिलो आला. पुढं त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. त्या साली कुणाच्या घरातून काय काय गेलं ते आपल्याला माहीत आहे.

बैठकीत मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. शिवकालवाले थोडे हिरमुसले. एकानं विचारलं, इंग्रजाच्या फौजेचा बिगुल विठ्ठलाच्या देवळात काचेत ठेवायचा का? त्यावर विणेकरीबुवा म्हणाले की आजवर रोज देवापुढंच वाजत होता की. मग काचेच्या पेटीचाच बेत रद्द झाला. कर्णा वारीलाच जाणार, वाटी नवी करायची नाही, पॉलिश करायचं नाही, फक्त कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचा. ज्यानं त्या वाखरीच्या तळावर ते वाक्य उच्चारलं होतं त्याच्याच नातवानं, न सांगता, आजींच्या घरी नारळ नेला. येत्या आषाढीला कर्णा त्यांचा पणतू वाजवणार आहे. सध्या तो ओढ्याकाठी सराव करतो आणि म्हशी बुजतात अशी तक्रार आहे.

पाटी देवळाच्या भिंतीला लागेल. मजकूर ठरला तो असा : "दिंडीचा कर्णा (बिगुल). घडवणार हॉक्स अँड सन, लंडन. काळ १९१० ते १९१९. मराठा पलटण ११_ हिच्याकडील. सरकारी कोठारातून रीतसर विकलेला. दिंडीत पहिल्या वारीपासून."

एका आकड्याची जागा मोकळी ठेवायला पाथरवटाला सांगितलं आहे. आपल्या गावातून आणि शेजारच्या वाड्यांतून त्या लढाईत पुष्कळजण एकत्र भरती झाले होते. कुणाच्या देव्हाऱ्यात, ट्रंकेत, लेकराच्या गळ्यातल्या दोऱ्यात तसलं चांदीचं पदक असेल तर ते चिंचेनं घासू नका. कड उजेडात धरा, वाचा, आणि मला निरोप द्या. आषाढीच्या आधी मिळाला तर बरं.